नवा स्ट्रेंथ प्रोग्रॅम सुरू करण्याआधी किती दिवस थांबावं? मला थांबायचीच भीती वाटते

शिक्षिका_४३

नमस्कार. मी साताऱ्याची. वय ४३, वजन ६१ किलो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा घरापासून १८ किलोमीटरवर आहे, स्कूटरनं जाते-येते. जानेवारीपासून सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीन दिवस पहाटे पावणेसहाला जिममध्ये बारबेलचा व्यायाम करते. स्क्वॉट (बार पाठीवर घेऊन बसणं-उठणं), बेंच (आडवं पडून बार छातीवरून ढकलणं), डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलणं), ओव्हरहेड प्रेस (उभं राहून बार डोक्यावर ढकलणं). प्रत्येकी पाच-पाचचे तीन सेट (डेडलिफ्टचा एकच), आणि जमलं की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवायचे. इतका साधा प्रोग्रॅम.

जानेवारीत नुसता २० किलोचा बार पाठीवर घेतला तेव्हा माझे पाय थरथरत होते. जुलैच्या शेवटी ६० किलोचा स्क्वॉट झाला. बारच्या दोन्ही टोकांना वीस-वीसची मोठी प्लेट लावायची तो पहिलाच दिवस. खाली बसून वर आले आणि बार रॅकवर ठेवला, तेव्हा शेजारी बायसेप मारणारी कॉलेजची दोन मुलं थांबून टाळ्या वाजवत होती. त्या दिवशी शाळेत जाताना पूर्ण रस्ताभर मी गाणं म्हणत गेले. आयुष्यात कुठल्या खेळात नाव नसलेल्या बाईला हे काय असतं ते इथल्या लोकांना सांगायला नको.

आता अडचण. सगळं मी शाळेच्या दोनशे पानी वहीत लिहिते, त्यातूनच उतरवते आहे.

नवरात्राच्या आधी: ६२.५ किलो. ५, ५, ४.
नवरात्रात: ६२.५ किलो. ५, ३, तिसरा सेट सोडला.
दसऱ्यानंतर: कमी करून ६० किलो. ४. बार खाली सुरक्षा-दांड्यांवर ठेवावा लागला.

नवरात्राचे नऊही दिवस माझा उपास असतो. सासूबाई असताना आमच्याकडे घट बसायचे, त्या गेल्यावर मी ते चालू ठेवलं आहे आणि ते बंद करायचं नाही. पण यंदा उपासातही जिमचा एक दिवस चुकवला नाही. साबुदाणा, वरी, रताळं, दूध यावर.

दसरा होऊन आठ दिवस झाले, जेवण पूर्ववत आहे, तरी अंग सुटत नाही. पहाटे तीनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही. उठल्या उठल्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायची सवय आहे. उन्हाळ्यात ६२ असायची, या आठवड्यात ७०, ७१. फळ्यावर लिहिताना उजव्या कोपराच्या आतल्या बाजूनं दुखतं. जिना उतरताना उजवा गुडघा जाणवतो. आणि जे मला सगळ्यांत लागलं ते हे: मंगळवारी एका मुलानं अपूर्णांकाचं गणित तिसऱ्यांदा विचारलं आणि मी त्याच्यावर ओरडले. तो विचारतो म्हणून मला आवडतो. मी अशी शिक्षिका नाही.

जिममधल्या दादांनी आता चार दिवसांचा नवा प्रोग्रॅम लिहून दिला आहे. दोन दिवस कंबरेच्या वरचे, दोन दिवस पायांचे. येत्या सोमवारी सुरू करायचा म्हणत होते. मी त्यांना वही दाखवली तर म्हणाले, मग आधी आठवडाभर आराम करा. माझी जिममधली मैत्रीण म्हणते, गॅप अजिबात नको, शरीर थंड पडतं, नवा प्रोग्रॅम हाच बदल असतो.

मला आरामाची भीती वाटते, आणि ती ताकद जाईल म्हणून नाही. मुलगी झाल्यावर मी सकाळी चालायला जाणाऱ्या बायकांच्या गटात होते. नंतर सात महिने योगवर्गाला गेले. लॉकडाऊनमध्ये मोबाइल समोर ठेवून झुंबा केला. यातलं मी काहीही ठरवून सोडलं नाही. दर वेळी चार दिवस थांबले, कधी पाहुणे, कधी परीक्षा, कधी आजारपण, आणि ते चार दिवस संपलेच नाहीत. हे पहिलंच काम आहे जे दहा महिने टिकलं. आता कुणी “थांबा” म्हटलं की छातीत धस्स होतं.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या सत्र परीक्षा आहेत, पेपर तपासायचे, मग दिवाळीची सुट्टी. तर खरंच थांबावं का, थांबावं तर पूर्ण की हलकं काही करत, आणि परत सुरू करताना किती किलोपासून? कृपया सविस्तर सांगा.

---

लोखंड_९३

ताई, आधी ६० च्या स्क्वॉटबद्दल मनापासून अभिनंदन. आपल्या वजनाइतकं पाठीवर घेऊन पाच वेळा बसून उठणं ही साधी गोष्ट नाही.

मी डोंबिवलीचा, २९ वर्षांचा, ९३ किलो गटात पॉवरलिफ्टिंग करतो. तुमच्या वहीतल्या त्या तीन ओळी वाचल्या आणि माझाच दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट आठवला. बारा आठवड्यांचा एक प्रोग्रॅम शनिवारी संपवला आणि सोमवारी दुसरा चालू केला. जोश होता. शेवटच्या आठवड्यात स्क्वॉट अडकत होता, तो मी मनावर घेतला नाही. तिसऱ्या आठवड्यात डेडलिफ्टच्या वॉर्मअपला, १०० किलोवर, कंबर धरली. दोनशेच्या वर उचलणारा माणूस १०० वर आडवा. पाच आठवडे गेले. लोकलमध्ये सव्वा तास उभं राहणंही जमत नव्हतं, रोज एक गाडी आधीची पकडून बसायला जागा मिळते का बघायचो. ज्या सात दिवसांची मी कंजूषी केली ते सात दिवस मला पस्तीस दिवसांना पडले.

यामागचं गणित तुम्हाला आवडेल. १९७५ साली बॅनिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मांडणी केली. व्यायामानं शरीरात दोन गोष्टी एकाच वेळी साठतात, कमाई आणि थकवा. त्या दिवशी तुम्ही काय उचलता ते म्हणजे कमाई वजा थकवा. कमाई हळू उतरते, थकवा लवकर उतरतो. म्हणजे तुम्ही आठवडाभर भार कमी केला तर थकव्याची रक्कम पटकन कमी होते आणि कमाई जवळपास तिथेच असते. तुमची ६२.५ ची ताकद गेलेली नाही, ती थकव्याखाली गाडली गेली आहे. स्पर्धेआधी आम्ही नेमकं हेच करतो, शेवटचे सात-दहा दिवस सेट कमी करतो आणि स्पर्धेत जास्त उचलतो.

पण पूर्ण बंद करू नका असं माझं मत आहे. वजन साधारण ८५ टक्के ठेवा, म्हणजे तुमच्यासाठी ५२.५, आणि सेट छोटे करा, पाचऐवजी तीनचे. तीनचे तीन एवढंच. हात-पाय हालचाल विसरत नाहीत आणि थकवाही उतरतो. एक आठवडा असा, मग नवा प्रोग्रॅम.

आणि तुमची मैत्रीण म्हणते तसा नवा प्रोग्रॅम हा आराम नव्हे. तीनचे चार दिवस होणार, म्हणजे एकूण काम वाढणार. थकलेल्या अंगावर वाढीव काम, एवढाच त्याचा अर्थ.

---

हौदा_कोल्हापूर

ताई, नमस्कार. मी ५६ चा. उमेदीची आठ वर्षं तालमीत काढली. तुमचं लोखंडाचं शास्त्र मला येत नाही, पण थकलेलं अंग मी लांबून ओळखतो.

आमचे वस्ताद पोरांच्या बैठका मोजायचे तशी झोप मोजायचे. पहाटे चारला उठायचं, जोर-बैठका, मग लढत. खुराक घ्यायचा आणि दुपारी तालमीत अंधार करून झोपायचं. दुपारी कोण पोरगं चौकात हिंडताना दिसलं तर संध्याकाळी त्याला हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उतरू देत नव्हते. मार नाही, शिवी नाही, नुसतं काठावर बसवायचे. दुसऱ्यांची लढत बघत काठावर बसायचं, त्यापेक्षा मार बरा वाटायचा.

उन्हाळ्यात गावोगावच्या जत्रांची मैदानं. आज इथं, परवा तिथं. पाऊस लागला की मैदानं थांबायची, आणि तेव्हा वस्ताद आम्हाला पंधरा दिवस लढत बंद करायचे. घरी जायचं नाही हां. तालमीतच राहायचं. हौदा खणायचा, माती चाळायची, त्यात ताक, लिंबू, तेल, हळद घालून मळायची. एकमेकांची मालिश करायची. शे-दोनशे बैठका, तेवढ्याच. पहाटे चारला उठणं मात्र सुटायचं नाही. मग पुढचा हंगाम धरून मेहनत सुरू.

मी १९ चा असताना त्या पंधरा दिवसांत चोरून मेहनत केली. जोडीदाराच्या पुढं जायचं होतं. रात्री सगळे झोपल्यावर मागच्या अंगणात रोज हजार बैठका. बाराव्या दिवशी गुडघ्यात पाणी झालं. वस्तादांनी गुडघा बघितला, काही बोलले नाहीत. दिवाळीपर्यंत मी माती बघितली नाही. जोडीदार त्या साली माझ्या पुढं गेला तो कायमचाच.

तुम्ही साताऱ्याच्या, म्हणून एक सांगतो. खाशाबा जाधव तुमच्या जिल्ह्यातले, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलो गटात त्यांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आमच्या तालमीत त्या पदकाइतकीच त्याच्या आदल्या लढतीची गोष्ट सांगतात. जपानच्या शोहाची इशीशी ते लांबलचक लढले, आणि लगेच त्यांना सोव्हिएत रशियाच्या मल्लासमोर उभं केलं. दोन लढतींत अर्धा तास विसावा द्यायचा नियम होता, पण तो मागायला आपल्याकडचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. दमलेले खाशाबा ती लढत हरले. माझे वस्ताद ही गोष्ट सांगताना दर वेळी म्हणायचे, “पोरांनो, तो अर्धा तास मागून घ्यायचा असतो.”

तुमच्या मैत्रिणीला सांगा, रान नांगरल्यावर शेतकरी दुसऱ्या दिवशी पेरत नाही. चैत्र-वैशाखात ढेकळं तापू देतो. त्या रानाला कोणी पडीक म्हणत नाही.

---

सांधे_आणि_स्नायू

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही हे आधी सांगते, पण तुम्ही इतकं नीट लिहिलं आहे की बरंच बोलता येईल.

शिक्षिकाताई, सकाळची नाडी आठ-नऊनं वाढलेली, पहाटेची जाग, चिडचिड, आणि तीन वेळा घसरलेली वही. यातली एकच गोष्ट असती तर मी म्हटलं असतं, बघू. चारही एकत्र आल्या आहेत तेव्हा शरीर भरून यायला वेळ मागतं आहे. त्यात व्यायामाचा वाटा आहेच, पण उपासाचा आहे, रोजच्या ३६ किलोमीटर स्कूटरचा आहे, परीक्षांचाही आहे. शरीर या सगळ्याचा हिशेब एकाच वहीत लिहितं.

उपास सोडा असं मी म्हणणार नाही. तो तुमच्या घरचा आहे. पण साबुदाण्यात जवळजवळ सगळा पिष्टपदार्थच असतो, खिचडीत जे काही प्रथिन येतं ते दाण्याच्या कुटातून. तुमच्या वजनाला आणि व्यायामाला दिवसाला ९५-१०० ग्रॅम प्रथिन हवं. नवरात्रात तुम्ही त्याच्या निम्म्यापर्यंतही गेला नसाल. पुढच्या वर्षी आरामाचा आठवडा त्या नऊ दिवसांतच बसवा. घट बसतील, बारही बसेल. उपासाला चालत असेल तर पनीर, दही, दाणे वाढवा.

लोखंड_९३ यांच्या ८५ टक्क्यांशी मात्र मी सहमत नाही. नुसता थकवा असता तर त्यांचा सल्ला अगदी योग्य होता, त्यांच्यासारख्या अनुभवी माणसाला तो लागू पडतो. पण तुमचं कोपर आणि गुडघा दोन्ही बोलतायत. स्नायू काही आठवड्यांत भार पेलायला शिकतो, कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, त्याहून खूप सावकाश शिकते. दहा महिन्यांत तुमचे स्नायू २० वरून ६० वर गेले, कंडरा अजून मागून चालत येत आहेत. त्यांना इथे गाठू द्या.

परीक्षांच्या आठवड्यात जिमला तिन्ही दिवस जा. त्याच वेळी, तोच व्यायाम, पण ६० टक्क्यांवर, पाच-पाचचे दोन सेट. स्क्वॉट ३७.५, डेडलिफ्ट ४७.५, बेंच २२.५. ओव्हरहेड प्रेस कोपर शांत होईपर्यंत नको. वीस मिनिटांत संपेल आणि तुम्हाला वाटेल काहीच केलं नाही. तसंच वाटायला हवं. त्यानंतर दिवाळीचे पाच-सहा दिवस बार पूर्ण बंद, फक्त चालणं. भाऊबीजेनंतरच्या सोमवारी नवा प्रोग्रॅम, आणि स्क्वॉट ५० किलोपासून. पहिल्या आठवड्यात लिहून दिलेल्या सेटपैकी निम्मेच करा. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी पूर्ण सेट मारले की दोन दिवस जिना उतरता येत नाही, हे सगळ्यांनाच होतं.

कोपराबद्दल: स्क्वॉटमध्ये बार पाठीवर धरताना मनगटं मागे वाकवून बारचं वजन हातांनी तोलता का, ते बघा. बार पाठीनं पेलायचा, हातांनी नुसता दाबून ठेवायचा. पकड थोडी रुंद करून बघा. फळ्याचं काम काही दिवस मुलांकडून करून घेता आलं तर उत्तम. सांधा सुजला, रात्री झोपेतून दुखून जाग आली, किंवा दोन आठवडे भार कमी करूनही दुखणं तसंच राहिलं, तर मग इथे विचारत बसू नका, कुणाला तरी प्रत्यक्ष दाखवा.

आणि हिमोग्लोबिन कधी तपासलं होतं? ते याच आठवड्यात करा. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांशी बोला. रक्तच कमी असेल तर कितीही आराम केला तरी अंग सुटणार नाही.

---

लोखंड_९३

मॅडम, कंडरांचा मुद्दा पटला. मी कोपराची ओळ वाचूनही तिच्याकडे दुर्लक्ष केलं. ताई, ६० टक्केच धरा. पाच-सहा दिवस पूर्ण बंद याबद्दल माझं मन अजून तयार होत नाही, पण तुमच्या जागी मी असतो तर मॅडमचंच ऐकलं असतं.

---

शिक्षिका_४३

तुम्हा सगळ्यांना उत्तर लिहिण्याआधी मी हे दोनदा वाचलं, आणि अर्धा तास मागण्याची गोष्ट उद्या वर्गात सांगणार आहे. खाशाबांचं नाव मुलांना माहीत आहे. हे माहीत नाही.

मनगटं मागे वाकतात. आज आरशात बघितलं.

रक्त उद्या देते. प्रथिनाचा हिशेब केला तर उपासात दिवसाला जेमतेम ३५ ग्रॅम भरलं. एरवीही मी ६० च्या पुढे जात नाही हे पहिल्यांदाच कळलं.

एकच विचारायचं राहिलं. पाच-सहा दिवस पूर्ण बंद म्हटल्यावर रात्री पुन्हा तेच वाटायला लागलं. त्या दिवसांत दहा महिन्यांचं किती जातं? आणि ज्यांना माझ्यासारखं होतं, थांबलं की थांबूनच जातं, त्यांनी काय केलं?

---

सांधे_आणि_स्नायू

सहा दिवसांत ताकदीचं काही जात नाही. नियमित व्यायाम करणाऱ्यांची ताकद दोन-तीन आठवडे जवळपास टिकते. दम त्याच्या आधी कमी होतो, म्हणून चालणं ठेवायला सांगितलं. मांड्या थोड्या सैल, लहान वाटतील. स्नायूंत साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, आणि त्याबरोबरचं पाणी कमी झालेलं असतं, स्नायू गेलेला नसतो. आणि अगदी दोन महिने सुटलं तरी दुसऱ्यांदा ६० ला पोचायला पहिल्यासारखे सात महिने लागत नाहीत. एकदा वाढलेल्या स्नायूला परत वाढणं सोपं जातं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या पुस्तकांत नाही.

---

पन्नाशीनंतर

त्या दुसऱ्या प्रश्नासाठीच लिहिते. मी ५४ वर्षांची, नाशिकला असते, सहा वर्षं वजनं उचलते. त्याआधीची वीस वर्षं तुमच्यासारखीच: पोहणं, योग, सायकल, सगळं चार दिवसांच्या सुट्टीत बुडालं.

ताई, मी खूप विचार केल्यावर मला दिसलं ते असं. व्यायाम बंद झाला की ती पहाटेची वेळ रिकामी होते, आणि घर ती लगेच भरून काढतं. कुणाचा डबा, कुणाचा चहा, दूध तापवणं. कुणी वाईट नसतं. पण आठ दिवसांनी ती वेळ परत मागायला गेलं की ती घराची झालेली असते, आणि आपल्याच घरात आपल्याला भांडून मागावं लागते. भांडण नको म्हणून आपण सोडून देतो.

म्हणून मी बार सोडते, वेळ सोडत नाही. आरामाच्या आठवड्यातही माझा गजर तोच, बूट तेच, पिशवी तीच, घराबाहेर पडायची वेळ तीच. जिमच्या ऐवजी गोदावरीच्या काठानं चालते आणि जिमच्याच वेळेला परत येते. घरच्यांना फरक कळतही नाही. तुमच्याकडे तर अजिंक्यतारा आहे. पावणेसहाला निघा, वर जा, या.

दुसरं, परत सुरू करायची तारीख आजच दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ठरवून घ्या. मी माझ्या सुनेला सांगते. ती आदल्या रात्री विचारते, “आई, उद्या आहे ना तुमचं?” कोल्हापूरच्या दादांच्या वस्तादांनी पोरांना घरी पाठवलं नाही, तालमीतच ठेवलं, ते मला फार शहाणपणाचं वाटलं.

तुमच्या वयाला पाळी मागेपुढे होत असेल तर झोपेचं तेही कारण असू शकतं. डॉक्टरांशी तेही बोला.

---

हौदा_कोल्हापूर

बरोबर बोललात ताई. वस्ताद म्हणायचे, अंगाला सुट्टी द्यायची, उठण्याला नाही.

---

शिक्षिका_४३

आज भाऊबीजेनंतरचा मंगळवार. सविस्तर कळवते.

हिमोग्लोबिन १०.९ निघालं. फेरिटिनही खूपच कमी. थायरॉइड ठीक. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जेवणानंतर लगेच चहा घ्यायचा नाही असं सांगितलं. शाळेत डबा संपला की चहा येतो, त्याची वेळ तासभर पुढे ढकलली आहे, आता आमच्या शाळेतल्या आणखी दोघी माझ्याबरोबर तसं करतात. रात्रीच्या जेवणात सोयाबीनच्या वड्या किंवा अंडी आली. मुलगी आता पनीर बघून तोंड फिरवते.

परीक्षांच्या आठवड्यात तिन्ही दिवस गेले. ३७.५ किलोचे दोन सेट करून बाहेर पडताना पहिल्या दिवशी खरंच रडू आलं. कॉलेजची ती मुलं बघत होती आणि मला वाटलं, त्यांना वाटेल बाईंचं संपलं. शुक्रवारी त्यांतल्या एकानं विचारलं, “मॅडम, डीलोड का?” म्हणजे मुद्दाम हलका घेतलेला आठवडा. मी हो म्हटलं. तो म्हणाला, मीही करायला हवं, खांदा दुखतो. एवढंच.

मग सुट्टी लागली. गजर पाचचाच ठेवला. पहिले दोन दिवस अजिंक्यताऱ्यावर एकटी गेले. तिसऱ्या दिवशी नरक चतुर्दशीची अंघोळ उरकून निघाले तर मुलगी बूट घालून दारात उभी. ती रोज आली असं नाही, पण तीन वेळा आली. वर पोचल्यावर खाली सातारा धुक्यात असतो आणि फटाके कुठे वाजतायत ते नुसतं ऐकू येतं.

चकल्या करताना सोऱ्या दाबला की कोपरात कळ यायची. यंदा सोऱ्या मुलीनं आणि तिच्या बाबांनी दाबला, मी तळल्या. कोपर आता फळ्यावर दुखत नाही. सोऱ्याचं माहीत नाही, पुन्हा दाबून बघितला नाही. गुडघा जिन्यावर अजून थोडा जाणवतो, उतरताना शेवटच्या दोन-चार पायऱ्यांना.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा उजाडलेलं होतं. गजर वाजून गेला होता आणि मला ऐकूच आला नव्हता. त्या दिवशी गडावर गेले नाही. दिवसभर मनात होतं, हाच तो पहिला दिवस. संध्याकाळी मुलीला म्हटलं, उद्या मला उठव. तिनं सव्वापाचला उठवलं.

नाडी गेले चार दिवस ६३, ६४, ६२, ६३.

काल नवा प्रोग्रॅम सुरू केला. आदल्या रात्री मैत्रिणीचा फोन आला होता, उद्या येतेस ना. तिला मीच सांगून ठेवलं होतं. स्क्वॉट ५० किलो, सहा सेट लिहिलेले, तीनच केले. ५, ५, ५. पकड रुंद, मनगटं सरळ. तिसऱ्या सेटच्या शेवटच्या बैठकीतसुद्धा जशी खाली गेले तशी वर आले, आणखी दोन सहज निघाल्या असत्या, काढल्या नाहीत. दादांनी वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं: “पुढच्या सोमवारी ५२.५.”

तो मुलगा शाळा उघडल्यावर भेटेल. त्याला अपूर्णांक पुन्हा पहिल्यापासून शिकवायचे आहेत. आज सकाळी बेंच झाला, २७.५, कोपर गप्प होतं. गुरुवारी डेडलिफ्ट आहे.